सहाच्या जागी सात

आई रोज सकाळी दारातली दुधाची बाटली उचलली की आधी तिचं चंदेरी झाकण उजेडात धरून बघायची. झाकणाला बारीक भोकं पडलेली असायची आणि वरची साय गेलेली असायची. कॉव्हेंट्रीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच बाटल्यांची ही गत होती, पण आईचा संशय शेजारच्या म्हातारीवर होता. एकदा तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की एक चिमुकला निळा पक्षी बाटलीवर बसून झाकण टोचतोय. तिथं तरी प्रकरण मिटावं की नाही? पण आई म्हणाली, "तिनंच सवय लावलीय त्याला. रोज ब्रेड घालते ना." कसायाकडचा खिमा, कौन्सिलची पत्रं, दुकानातली मेथीची जुडी, काहीही असो, आई ते आधी उलटं करून बघायची आणि म्हणायची, "कुठंतरी पाणी मुरतंय." पुण्याहून येताना बोटीवर तिची एक पेटी हरवली होती म्हणे. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. आमची आई पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

बाबा मशीन टूल्सच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते. समोर आलेला प्रत्येक भाग चुकलेलाच आहे असं धरून चालायचं आणि मग तो मोजायचा, हे त्यांचं काम. आईचा संशय हौशी होता, बाबांचा पगारी. या दोघांच्या मधे मी वाढले. पुढे लीड्सला हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी केली, तेव्हा डॉक्टरनं लिहिलेला प्रत्येक डोस मी दोनदा तपासायची आणि तरुण डॉक्टर वैतागायचे. त्यांना काय माहीत, मी कुठल्या घरची आहे ते.

बाबा मूळचे क्रिकेटचे स्कोअरर. तिथल्या मराठी मंडळाची टीम रविवारी खेळायची, त्या टीममध्ये कॅच सोडणारे पुष्कळ होते पण वही ठेवणारे एकटे बाबा. पेन्सिलींना धार काढून, वार्‍यानं पान उडू नये म्हणून चिमटे लावून ते असे बसायचे की अंपायरसुद्धा त्यांना विचारून ओव्हर संपवायचे. त्या सुमारास कुणा उत्साही मंडळींनी इंग्लंडात पगारी बेसबॉल चालवायचं मनावर घेतलं. दोन-तीन उन्हाळ्यांच्या वर ते टिकलं नाही, पण तेवढे उन्हाळे आमच्या गावातही एक क्लब होता, कुत्र्यांच्या शर्यतीच्या जुन्या मैदानावर. त्यांना स्कोअरर हवा होता. कारखान्यातल्या कुणीतरी बाबांचं नाव सुचवलं आणि बाबांनी नियमांचं पुस्तक मागवून महिनाभरात पाठ केलं. कारखान्यात त्यांच्या नावाचा उच्चार कुणाला धड जमत नसे. मैदानावर मात्र त्यांना सगळे 'मिस्टर स्कोअरर' म्हणायचे आणि त्यांच्या टेबलापाशी आवाज खाली करायचे. हे त्यांना किती सुखाचं होतं ते मला तेव्हाही कळत होतं.

मी चौदा वर्षांची. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि क्रम वाचून दाखवायची. बेसबॉलमध्ये बॅटर ठरलेल्या क्रमानंच यायला हवेत. तो क्रम कार्डावर लिहून मॅचच्या आधी द्यायचा. चुकीच्या पाळीला कुणी आला, त्यानं फटका मारला आणि पुढचा बॉल पडायच्या आत समोरच्या टीमनं हरकत घेतली, तर तो फटका, त्यावरचे रन, सगळं रद्द. आणि ज्याची खरी पाळी होती तो आउट. पुढचा बॉल पडला की मात्र सगळं माफ. आता यातली गंमत अशी, की चूक सगळ्यांत आधी दिसते स्कोअररला, आणि नियमाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की त्यानं ती कुणालाही सांगायची नाही. अंपायरला नाही, आपल्यांना नाही, परक्यांना नाही.

"आपण पाहायचं, लिहायचं आणि गप्प बसायचं," बाबांनी मला बजावलं होतं. "टेबलाशी बसलं की आपण कुणाचेच नाही."

चूक दिसल्यावर गप्प बसायचं, हे आमच्या घरात कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. मला तो नियम मुळीच पटला नव्हता.

त्या उन्हाळ्यात क्लबनं दोन अमेरिकन पिचर, म्हणजे बेसबॉलमधले बोलर, आणले. त्यांना हॉटेलात ठेवणं परवडेना, म्हणून घरोघर विचारणा झाली. आमची मागची छोटी खोली रिकामी होती. बाबांनी आधी क्लबला लेखी विचारलं, की स्कोअररच्या घरी खेळाडू राहिला तर चालेल का. चालेल, असं उत्तर आलं. बाबांनी ते फाइलला लावलं आणि घरात नियम केला, की जेवणाच्या टेबलावर बेसबॉलचा विषय काढायचा नाही. अशा रीतीनं कर्टिस आमच्याकडे आला.

तो इतका उंच होता की छोट्या खोलीत पलंगावर तिरका झोपायचा. बोलायचा अगदी हळू. आईला तो 'मॅम' म्हणायचा. संध्याकाळी खोलीत बसून तो मोज्यांचा गोळा करून भिंतीवर फेकत राहायचा, धप्, मग थोडा वेळ शांत, मग पुन्हा धप्. खाली स्वयंपाकघरात आई पोळी लाटता लाटता थांबून वर बघायची. तो आवाज माझ्या कानात इतका बसलाय की अजून कुठं दार लागलं तरी मी पुढच्या धप्ची वाट बघते.

आईला तो पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटला, आणि कारण काय, तर तो सगळं खायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं मेथीची भाजी मागून घेतली, आमटी वाटीनं प्यायली, कारल्याला 'इंटरेस्टिंग' म्हणून आणखी एक फोड घेतली. "कारलं कुणी मागून खातं का?" आई मला बाजूला घेऊन म्हणाली. "कुठंतरी पाणी मुरतंय. याला काहीतरी हवंय आपल्याकडून." तिची नजर माझ्यावरून फिरली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या फ्रॉकची लांबी वाढली. वास्तविक कर्टिसला हव्या होत्या फक्त पोळ्या. त्या मागायच्या म्हणून तो माझ्याकडून मराठी आकडे शिकला. "मॅम, तीन." "मॅम, अजून दोन. पाच." आई वाढायची, पण डोळे बारीक करून.

मला तो आवडायचा. आता साठी उलटल्यावर ते लपवण्यात काय अर्थ आहे? तो माझ्याशी बोलताना आवाज लहान मुलांशी बोलतात तसा करायचा नाही, एवढंच पुरेसं होतं.

फोन जिन्याखाली होता. कर्टिसचे अमेरिकन उच्चार आईला कळायचे नाहीत, म्हणून त्याच्या घरून फोन आला की मला जिन्यावर अभ्यासाला बसवलं जायचं. "नुसतं ऐक आणि मला सांग," आई म्हणायची. मी ऐकायची आणि निम्मंच सांगायची. अशाच एका फोनवर मला कळलं, की क्लब पुढच्या महिन्यापासून दोघांपैकी एकच पिचर ठेवणार आहे, आणि शनिवारच्या मॅचला अमेरिकेतल्या एका टीमचा माणूस खास त्याला बघायला येतोय. मागच्या तिन्ही मॅचेसमध्ये कर्टिसनं सगळं छान करून शेवटच्या इनिंगला रन दिले होते. त्या माणसानं कर्टिसच्या आईला सांगितलं होतं म्हणे, 'मला शेवटपर्यंत शून्य बघायचंय.' समोरच्यांना एकही रन न देता जिंकायचं. शटआउट म्हणतात त्याला. बाबा म्हणायचे, नऊ इनिंग्जचे नऊ भोपळे. ते जमलं तर तिकडची नोकरी, नाहीतर घरी जाऊन काकाच्या पोल्ट्रीत कोंबड्या. कर्टिस फोनवर म्हणाला, "आय नो, ममा. आय नो." आणि फोन ठेवून बराच वेळ तिथंच पायरीवर बसून राहिला. आईला मी सांगितलं, हवेबद्दल बोलत होता. तिनं अर्थातच विश्वास ठेवला नाही.

शनिवारी कडक ऊन होतं. कित्येक दिवसांत पाऊस नव्हता. मैदानाचं गवत पिवळं पडलं होतं. ओल होती ती फक्त खेळाडूंच्या बाकामागच्या गळक्या नळापाशी, तिथं कायमचं डबकं. बाबांनी सकाळी पिशवी भरली होती: वही, पेन्सिली, चिमटे, पाण्याच्या दोन बाटल्या, आईनं दिलेल्या तिखटमिठाच्या पुर्‍या. आई मैदानावर कधी यायची नाही. एवढी माणसं एका चेंडूकडे बघतात, त्या वेळात त्यांच्या घरांकडे कोण बघतं, असा तिचा प्रश्न असे.

दुसऱ्या इनिंगला मला ते दिसलं. पाहुण्या टीमच्या कार्डावर जो सहावा होता त्याच्या जागी सातवा आला, आणि सहावा त्याच्या नंतर. मी बाबांकडे पाहिलं. त्यांची पेन्सिल क्षणभर थांबली आणि पुढे चालू झाली. दोघंही बॅटर आउट झाले, त्यामुळे काही घडलं नाही. पाचव्या आणि सातव्या इनिंगला पुन्हा तेच. कार्ड लिहिणाऱ्यानं दोन नावं उलटी लिहिली होती, एवढी साधी चूक. आमच्या मॅनेजरकडे त्या कार्डाची प्रत होती, पण ती त्याच्या मागच्या खिशात घडी होऊन पडली होती. सगळ्या मैदानावर हे दोघांनाच माहीत होतं, बाबांना आणि मला. मी कुजबुजले, "बाबा, सहाच्या जागी—" त्यांनी माझ्याकडे न बघता वहीचं पान बोटानं ठोकलं. म्हणजे गप्प.

आठवी इनिंग संपत आली. आमचे दोन रन, त्यांचा भोपळा. आमची टीम बॅटिंग करत होती आणि कर्टिस बाकावर टोकाला, खांद्यावर टॉवेल टाकून एकटा बसला होता. मी हिशेब केला: नवव्या इनिंगला ते दोघे पुन्हा येणार. मी उठले, टेबलावरची रिकामी बाटली घेतली आणि म्हणाले, "पाणी आणते." बाबांनी मान हलवली. मी मैदानाला वळसा घालून नळापाशी गेले, बाटली नळाखाली धरली आणि जाळीतून, तोंड दुसरीकडे करून म्हणाले, "कार्डवर सहा-सात. They're batting सात-सहा. Every time."

त्यानं वळून पाहिलं नाही. टॉवेलनं तोंड पुसता पुसता तो एवढंच म्हणाला, "सात. सहा." पोळ्या मागायच्या आवाजात.

टेबलापाशी परत जायची माझी छाती झाली नाही. मी चहाच्या टपरीमागे उभी राहिले, भरलेली बाटली पोटाशी धरून. नवव्या इनिंगला दोन आउट झाले, एक रनर दुसऱ्या बेसवर पोचला आणि सहाव्याच्या जागी सातवा आला. कर्टिसनं त्याला शांतपणे बॉल टाकला. त्यानं तो कुंपणापर्यंत मारला. रनर धावत होम बेसला पोचला, रन झाला, पाहुण्यांनी आरडाओरडा केला, आमच्या लोकांनी डोक्याला हात लावला. भोपळा फुटला होता. कर्टिस मात्र परत आलेला बॉल हातात घेऊन नुसता उभा राहिला. टाकेचना. मग त्यानं मॅनेजरला हाक मारली, मॅनेजरनं खिशातली घडी उलगडली, अंपायरनं आपलं कार्ड काढलं. दोन मिनिटं कुणालाच काही कळेना. शेवटी अंपायरनं हात वर केला: फटका रद्द, रन रद्द, सहावा आउट. मॅच संपली. दोन-शून्य.

टाळ्या अर्धवटच वाजल्या. पाहुण्यांचा कॅप्टन लालबुंद होऊन ओरडत होता, की पिचरला हे आधीपासून ठाऊक होतं, तो वाट बघत उभा होता. आणि मग त्याचं बोट आमच्या टेबलाकडे वळलं. "ही लिव्ज विथ द स्कोअरर!"

निकाल बदलला नाही. मैदानावर हरकत वेळेत घेतली होती, नियमात बसत होतं. पण बेसबॉल संघटनेचे दोन गृहस्थ मैदान ओलांडून टेबलाकडे गेले, त्यांनी वही चाळली, पिशवीत डोकावले. मी पोचले तेव्हा बाबा पेन्सिली रबरबँडमध्ये बांधत होते. त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, पिशवीत ठेवली आणि घरी निघाले.

घरी आल्यावर आईनं पहिली गोष्ट पाहिली ती त्यांचा डावा बूट. "हा ओला कसा? बाहेर तर सगळं वाळून कोळ झालंय." बाबा म्हणाले, "झाला." आईनं मोजा पिळून पाहिला. "अहो, झाला म्हणजे?" बाबांनी बूट मागच्या दारात वाळत ठेवला. मला मात्र मैदानावर ओल कुठं होती ते पक्कं माहीत होतं. खरं सांगायचं तर, मला थोडं हलकं वाटलं.

पुढच्या आठवड्यात ते दोघे गृहस्थ आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसले. आईनं चहा आणि चिवडा ठेवला आणि दाराशी उभी राहिली. त्यातला वयस्कर माणूस सभ्य होता. तो म्हणाला, मिस्टर स्कोअरर, आम्हाला फक्त एका शब्दाचं उत्तर हवंय. तुम्ही, किंवा तुमच्या टेबलावरच्या कुणीही, पिचरला सांगितलं का? नाही म्हणा, आम्ही लिहून घेतो आणि विषय संपला.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही," ते इंग्रजीत म्हणाले.

"फक्त नाही म्हणा," तो माणूस पुन्हा म्हणाला. जवळजवळ विनवणीच करत होता.

बाबांनी वही त्याच्यासमोर सरकवली. वहीसोबत चिमटेही दिले. त्या दिवसानंतर बेसबॉलचंच काय, मंडळाच्या क्रिकेटचंही टेबल त्यांनी धरलं नाही. मंडळात कुजबुज पोचली होतीच. "कुलकर्णी असं काही करतील असं वाटलं नव्हतं," असं लोक म्हणायचे, म्हणजे वाटलं होतं.

"अहो, नाही म्हणायला तुमचं काय जात होतं?" आई त्या दिवशी आणि पुढे कित्येक दिवस विचारत राहिली. मग तिनं स्वतःच निष्कर्ष काढला, की कर्टिसनं चोरून वही पाहिली असणार आणि बाबा त्याला पाठीशी घालतायत. कारली खाण्याचा अर्थ आता लागला. कर्टिसला कुणी विचारलं की तो म्हणायचा, "आय कॅन काउंट." पंधरा दिवसांत त्याला अमेरिकेतून बोलावणं आलं. जाताना तो आईच्या पाया पडला, मी शिकवलं होतं तसा, आणि बाबांचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. भिंतीवरचा धप् बंद झाला आणि आईनं छोट्या खोलीचे पडदे धुवायला काढले.

आणि मी? चोराच्या मनात चांदणं. पहिले काही दिवस प्रत्येक जेवणाला मला वाटायचं, आता सांगावं. मग मी तो ओला बूट आठवायची. बाबांनी मला नळाशी बोलताना ऐकणं शक्य नव्हतं. मैदानाची रुंदी मधे होती. मग ज्यानं काही केलं नाही तो माणूस सरळ 'नाही' का म्हणत नाही? ज्या बाबांनी आयुष्यात बसचं तिकीटसुद्धा चुकवलं नाही, त्यांना तो शब्द का जड जावा? याचं एकच उत्तर मला सुचलं. इनिंग बदलताना, मी टपरीमागे लपलेली असताना, तेही नळापाशी गेले असणार. डबक्यात पाय पडला असणार. म्हणजे त्यांनीही सांगितलं. म्हणजे मी सांगितलं नसतं तरी हेच झालं असतं. हे उत्तर मला इतकं सोयीचं होतं की मी ते पुन्हा तपासलं नाही. डोस दोनदा तपासणारी मी.

आता बाबा नव्वदीला टेकलेत. आई गेली; शेवटच्या आजारातसुद्धा नर्स चहा बदलते असा तिचा आरोप होता. बाबा कॉव्हेंट्रीतच, लिफ्ट असलेल्या एका फ्लॅटमध्ये राहतात. मी महिन्यातून दोनदा लीड्सहून ट्रेननं जाते, वरण-भात करते, फ्रीजमध्ये डबे लावते. हल्ली अमेरिकन टीम्स लंडनला येऊन मोठ्या स्टेडियमवर खेळतात आणि स्कोअर ठेवायला टॅबलेट असतात. बाबांनाही माझ्या मुलानं एक टॅबलेट दिलाय, त्यावर ते मॅचेस बघतात आणि जुन्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीनं चौकोन आखून स्कोअर लिहितात. मागच्या वेळी मी गेले तेव्हा दुपारी एक मॅच लागली होती. आठ इनिंग्ज, आठ भोपळे. बाबांची पेन्सिल हातात थांबलेली. मला अचानक वाटलं, की आणखी किती दुपारी मिळणार आहेत?

"बाबा, त्या मॅचला कर्टिसला मी सांगितलं होतं."

त्यांनी आवाज बंद केला. "माहितीय."

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"एवढ्या लांबून? छे. तू पाणी आणायला गेलीस. पिशवीत दुसरी बाटली भरलेली होती. मीच भरली होती सकाळी." त्यांनी पेन्सिल पाकिटावर ठेवली. "मॅच संपली तशी ती माणसं येताना दिसली. पिशवी बघितली असती, तर विचारलं असतं, पाणी होतं तर पोरगी नळावर कशाला गेली? म्हणून ती बाटली टेबलाखाली ओतली. घाई झाली. निम्मी बुटात."

"डाव्या."

"डाव्याच. तुझ्या आईनं किती छळलं त्यावरून." ते हसले. "आणि नाही कसं म्हणणार होतो? नाही म्हणजे खोटं. हो म्हणजे तुझं नाव."

"मला कधी बोलला का नाहीत?"

"तू सांगशील तेव्हा सांगशील, म्हटलं. कबूल करणं खेळाडूचं काम. त्यात आपण बोलायचं नसतं."

मी एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण इतकी वर्षं छातीवर असलेलं ओझं अर्धंच उतरलं होतं, आणि मला ते सगळं उतरवायचं होतं. मी म्हणाले, "बाबा, तो बूट बघून मला वाटलं, तुम्ही नळापाशी गेला होतात. त्याला सांगायला. मी आजपर्यंत तसंच धरून चालले होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांवर आता मोतीबिंदूची झाक आहे, तरी ती नजर कारखान्यात मापाच्या गेजवर भाग ठेवून बघायचे तीच होती. स्क्रीनवर कुणीतरी बॉल टाकला, कुणीतरी धावलं.

"हे मात्र मला माहीत नव्हतं," बाबा म्हणाले.

त्यांनी पेन्सिल उचलून नववा चौकोन आखायला घेतला. मॅचचा आवाज त्यांनी पुन्हा लावला नाही.